जुनी गाडी मध्येच बंद का पडते? इंधनपुरवठ्यातील लपलेला दोष कसा शोधावा

सपाट रस्त्यावर विनातक्रार धावणारी जुनी गाडी घाट चढताना आचके देऊ लागते आणि बंद पडते. पंधरा-वीस मिनिटांनी तीच गाडी पुन्हा सहज सुरू होते. गॅरेजमध्ये नेली, तर दोष सापडत नाही. मग प्लग, फिल्टर, पंप असे एकेक भाग अंदाजाने बदलले जातात. खर्च होतो, पण दोष कायम राहतो. अधूनमधून डोके वर काढणाऱ्या या बिघाडाच्या खुणा गाडी बंद पडते त्या काही मिनिटांतच सर्वाधिक स्पष्ट असतात. म्हणून त्याचे निदान तिथूनच सुरू करावे लागते.

इंधनाचा मार्ग

पूर्वी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी किंवा १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० यांच्या कार्बोरेटर असलेल्या गाड्यांत इंधनाचा मार्ग सरळ असतो. पेट्रोल टाकीतून नळीने येते, फिल्टरमध्ये गाळले जाते आणि पंपामार्फत कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पोहोचते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणाऱ्या या पंपात एक लवचिक पडदा, म्हणजे डायफ्राम असतो. टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल खेचले जाते आणि पंपापासून पुढे ते ढकलले जाते. हा फरक निदानात फार उपयोगी पडतो.

पेट्रोल की ठिणगी?

गाडी बंद पडण्यामागे पेट्रोल आहे की इग्निशन, हे आधी ठरवावे. पेट्रोल कमी पडू लागले, तर प्रथम गाडीची ओढ कमी होते, मग आचके बसतात आणि शेवटी इंजिन थांबते. ठिणगी गेल्यास इंजिन बहुधा एकाएकी बंद होते. खात्रीसाठी गाडी सुरक्षित जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढावा आणि ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने हलवावा. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक धार दिसली, तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. अशा वेळी कॉइल, कंडेन्सर यांच्याकडे वळावे. धार दिसली नाही, तर पुरवठ्यावरचा संशय बळावतो.

टाकीपासून पुढे

टाकीच्या झाकणातील किंवा नळीतील हवेची वाट बुजली, की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाची ताकद अपुरी पडते. झाकण उघडताच हवा जोरात आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच नीट चालू लागली, तर हे कारण जवळजवळ निश्चित समजावे.

टाकीतील गंज व गाळ हे दुसरे कारण. वेगात असताना कचरा नळीच्या तोंडाशी ओढला जातो. गाडी थांबली, की तो खाली बसतो आणि वाट मोकळी होते. नवा फिल्टर थोड्याच दिवसांत तपकिरी झाला, तर केवळ फिल्टर बदलून भागत नाही, टाकी काढून धुवावी लागते.

तिसरे कारण सर्वांत फसवे असते. टाकी ते पंप या भागातील रबरी नळीला बारीक चीर गेली, की पंप पेट्रोलबरोबर हवाही खेचतो. या बाजूला दाब नसल्याने बाहेर गळती दिसेलच असे नाही. टाकीत पेट्रोल कमी असताना किंवा चढावर त्रास वाढत असेल, तर या नळ्या व त्यांच्या क्लिपा आधी तपासाव्यात.

पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी पुढे चालवू नये.

उष्णतेचा परिणाम

पेट्रोलमधील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसपासून उकळू लागतात. इंजिनाला चिकटून असलेला पंप घाटात तापला, की नळीत वाफ कोंडते आणि पेट्रोलचा प्रवाह तुटतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी लवकर सुरू झाली, तर उष्णतेचा संशय पक्का होतो. मात्र निघालेले उष्णतारोधक पत्रे आणि एग्झॉस्टला टेकलेली नळीही पाहावी.

इंजेक्शनच्या गाड्या

एमपीएफआय गाड्यांत पंप विजेवर चालतो आणि बहुधा टाकीतच असतो. किल्ली फिरवताच त्याची एक-दोन सेकंद घरघर ऐकू येते. गाडी बंद पडल्यावर ती ऐकू आली नाही, तर पंपाबरोबरच त्याचा फ्यूज, रिले आणि वायरिंगचे जोड तपासावेत. या नळ्यांत मोठा दाब असतो. त्या घरी उघडू नयेत, गेजने दाब मोजून घ्यावा.

इथेनॉल आणि जुने रबर

भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते, टाकीत साचलेला थर सुटा करते आणि जुन्या प्रकारचे रबर कमजोर करू शकते. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या, पंपाचा पडदा व सील बदलताना इथेनॉलला टिकणारेच निवडावेत.

नोंद आणि खबरदारी

प्रत्येक वेळी टाकीतील पेट्रोल, वेग, चढ, हवेतील उष्मा आणि किती मिनिटांनी गाडी सुरू झाली, हे वहीत लिहावे. चार-पाच नोंदींत सूत्र दिसू लागते आणि मेकॅनिकलाही नेमकी दिशा मिळते. नळी सोडून पेट्रोलचा प्रवाह पाहण्याचे काम रस्त्यावर करू नये. ते इंजिन थंड असताना, ठिणगी बंद करून, अग्निशामक जवळ ठेवून जाणकारानेच करावे. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल, तर निदान बाजूला ठेवावे, इंजिन बंद करून सर्वांना गाडीबाहेर काढावे आणि गाडी ओढून न्यावी.