हानीचे मोजमाप आणि मोजणाऱ्याचा धर्म : तारापूरच्या अनुषंगाने विमाव्यवसायातील नीतीचा विचार

इतिहासाच्या अभ्यासकास तारापूर हे नाव प्रथम आठवते ते वसईच्या मोहिमेमुळे. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून हा किल्ला घेतला आणि त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. अणुशक्तीच्या अभ्यासकास हेच नाव आठवते ते २८ ऑक्टोबर १९६९ पासून वाणिज्यिक वीज देऊ लागलेल्या केंद्रामुळे. या दोहोंहून निराळ्या, फारशा न चाळलेल्या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे. आग, स्फोट किंवा वादळ यांनी मालमत्तेची हानी झाली असता त्या हानीची किंमत कोणी ठरवावी, कोणत्या नियमाने ठरवावी, आणि ठरविणाऱ्याची निष्ठा कोणाशी असावी, असा तो प्रश्न होय. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक परिसरात तो वारंवार उपस्थित होतो. तथापि त्याची मुळे या परिसराहून पुष्कळ जुनी आहेत.

१. जोखमी हुंडी आणि पंचांची पाहणी

विमा ही सर्वस्वी पाश्चात्त्यांनी आणलेली कल्पना होय, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात 'जोखमी हुंडी' प्रचलित होती. माल गलबतात भरणारा व्यापारी त्या मालावर हुंडी काढून पैसा उचली. माल सुखरूप बंदरी लागला तरच हुंडीची रक्कम देय होई. गलबत बुडाले तर हुंडी धारण करणाऱ्याची रक्कमही बुडे. म्हणजे कर्ज आणि विमा हे दोन्ही व्यवहार एकाच कागदावर उतरत. खुष्कीच्या मार्गावर 'हुंडा-भाडा' ही पद्धत होती. तीत वाहतूक, जकाती आणि वाटेतील जोखीम यांचा मिळून एकच आकार ठरवून मक्तेदार तो पत्करीत असे.

या व्यवहारांत नीतीचा पेच कोठे होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गलबत खरोखर बुडाले की माल परस्पर विकला गेला, हे पेढीवर बसलेल्या सावकारास दिसत नसे. त्याला तांडेलाच्या शब्दावर, बंदरातील लोकांच्या साक्षीवर आणि पेढीच्या अब्रूवर विसंबावे लागे. खोटे बोलणाऱ्यास पुढच्या खेपेस हुंडी मिळत नसे. त्या काळी व्यवसायनीतीचा आधार लिखित संहितेत नव्हता. तो ओळखीच्या समाजात होता.

जमिनीवरील हानीच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक परंपरा होती. दुष्काळ, अतिवृष्टी किंवा लष्कराची धामधूम यांनी पीक बुडाले असता पाहणी होई आणि साऱ्यात सूट मिळे. या पाहणीत सरकारी कारकुनाबरोबर गावचे वतनदार व जाणते लोक असत. पुढील काळातील आणेवारी आणि आजचा तलाठ्याचा पंचनामा ही त्याच वृत्तीची रूपे होत. पंचनाम्याचे बळ त्यातील तांत्रिक ज्ञानात नाही. ज्यांना त्या प्रकरणात देणे-घेणे नाही अशा एकाहून अधिक माणसांनी ते डोळ्यांनी पाहिले, यात ते आहे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

२. दोन तत्त्वे आणि मुंबईचा स्फोट

आधुनिक विम्याचे कायदेशास्त्र दोन तत्त्वांवर उभे आहे. पहिले परम सद्भावाचे. १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ते मांडले. विमा उतरविणाऱ्यास जे ठाऊक आहे आणि विमा कंपनीस ठाऊक असणे शक्य नाही, ते त्याने लपवू नये. आणि हे बंधन दोन्ही पक्षांवर आहे. दुसरे तत्त्व हानिपूर्तीचे. १८८३ च्या कॅस्टेलन विरुद्ध प्रेस्टन या निर्णयात ते स्पष्ट झाले. विमेदारास झालेली हानी पूर्ण भरून मिळावी, परंतु तीतून नफा होऊ नये. पहिल्या तत्त्वाचे पालन करार होताना होते. दुसऱ्याची कसोटी मात्र हानी झाल्यावर लागते, आणि तेथेच मोजणाऱ्याची गरज उत्पन्न होते.

ही तत्त्वे किती अपुरी पडू शकतात, हे मुंबईस १४ एप्रिल १९४४ रोजी कळले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर कापसाचे गठ्ठे आणि सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये एकत्र भरलेली होती. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. एकूण मृतांची संख्या शेकड्यांनी होती. गोदीलगतची वखारे आणि वस्त्या जळाल्या.

विम्याच्या दृष्टीने प्रश्न बिकट होता. सामान्य अग्निविमा स्फोटाची हानी वगळीत असे. मग स्फोटाने उडालेल्या निखाऱ्यांनी दूरची वखार पेटली, तर ती हानी आगीची समजावी की स्फोटाची? स्फोट युद्धसामग्रीचा होता, म्हणून ती युद्धजन्य म्हणावी काय? एकेका व्यापाऱ्याने न्यायालयात या प्रश्नांचा निकाल लावून घ्यावयाचा, तर कित्येक वर्षे गेली असती. त्याच वर्षी भरपाईसंबंधीचा अध्यादेश निघाला आणि मालमत्तेच्या हानीची भरपाई देण्याची व्यवस्था शासनाने हाती घेतली. या प्रकरणाचा अर्थ इतकाच की, करारातील शब्द आणि माणसांची विपत्ती यांत फार मोठे अंतर पडले म्हणजे खाजगी विम्याची यंत्रणा ते एकट्याने भरून काढू शकत नाही.

३. संहितेचा जन्म

१९३८ च्या विमा कायद्याने कंपन्यांच्या कारभारावर नियंत्रण आणले. परंतु हानी मोजणारा सर्व्हेअर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच होता. १९६८ च्या दुरुस्तीने ही उणीव दूर केली. कलम ६४ यूएम अन्वये सर्व्हेअरांस परवाना आवश्यक झाला, आणि २०,००० रुपये वा त्याहून अधिक रकमेचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालावाचून निकालात काढू नये, असा दंडक पडला. (ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली.) मात्र अहवालातील रकमेहून निराळी रक्कम देण्याचा कंपनीचा अधिकार याच कलमात राखलेला होता. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांचा कारभार चार सरकारी कंपन्यांत एकवटला. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण स्थापन झाले व खाजगी कंपन्यांस पुन्हा वाव मिळाला.

सर्व्हेअरांची लिखित आचारसंहिता आली ती २००० च्या विनियमांत. २०१५ मध्ये नवे विनियम झाले, तरी नीतीचा गाभा तोच राहिला. सचोटी म्हणजे केवळ प्रामाणिकपणा नव्हे, तर न्याय्य व्यवहार व सत्यनिष्ठा, असे त्यात म्हटले आहे. विमा कंपनीच्या सूचनेवरून काम करीत असताही सर्व्हेअरने निःपक्षपाती राहावे, आपल्या ज्ञानाच्या आवाक्याबाहेरचे काम योग्य साहाय्यावाचून पत्करू नये, आणि ज्यांच्याशी कामानिमित्त संबंध येतो त्या सर्वांशी सौजन्याने वागावे, अशीही अपेक्षा आहे.

येथे एक विसंगती आहे व ती झाकण्यात अर्थ नाही. सर्व्हेअरची नेमणूक विमा कंपनी करते, त्याचे शुल्कही तीच देते, आणि पुढील काम त्यास मिळावे की नाही हेही पुष्कळ अंशी तिच्याच हाती असते. अशा माणसाकडून दोन्ही पक्षांस समान न्यायाची अपेक्षा करावयाची, तर त्यास काही आधार हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दोन निर्णयांत तो काही अंशी दिला. श्री वेंकटेश्वरा सिंडिकेटच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, आपणास सोयीचा अहवाल हाती येईपर्यंत कंपनीने एकामागून एक सर्व्हेअर नेमीत जाऊ नये; दुसरा नेमावयाचा तर सबळ कारण दिले पाहिजे. प्रदीप कुमार यांच्या प्रकरणात त्याने सांगितले की, सर्व्हेअरचा अहवाल हा महत्त्वाचा पुरावा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे. पहिल्या निर्णयाने सर्व्हेअरचे कंपनीपासून रक्षण केले, दुसऱ्याने विमेदाराचे सर्व्हेअरपासून.

४. तारापूरचा अनुभव

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि पुढे त्याच्या तारापूर वसाहतीत रसायने, रंगद्रव्ये, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. अपघातांची मालिकाही त्याबरोबर आली. ८ मार्च २०१८ रोजी रात्री येथील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात ३ जणांचा मृत्यू झाला आणि हादरा कित्येक किलोमीटरपर्यंत जाणवला. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळ कोळवडे परिसरातील कारखान्याच्या स्फोटात ८ जण दगावले.

अशा ठिकाणी हानी मोजणे का अवघड असते? प्रथम म्हणजे पुरावाच जळून जातो. भट्टीत किती द्रावक होते, गोदामात किती पिंपे होती, हे सांगणारी नोंदवहीदेखील पुष्कळदा त्याच आगीत नष्ट होते. मग खरेदीची बिले, कराची विवरणे, बँकेस दिलेली साठ्याची पत्रके यांवरून साठा जुळवावा लागतो. साठा फुगवून सांगण्याचा मोह मालकास, तर संशयाचा लाभ कंपनीस देण्याचा मोह सर्व्हेअरला, असे दोन्ही बाजूंनी घडू शकते.

दुसरी अडचण अपुऱ्या विम्याची. समजा, १० लाखांच्या यंत्रसामग्रीचा विमा ६ लाखांचाच उतरविला आणि २ लाखांची हानी झाली, तर 'सरासरी'च्या कलमाप्रमाणे १ लाख २० हजारच मिळतात. हिशेब न्याय्य आहे. कारण हप्ताही तेवढ्याच प्रमाणात भरलेला असतो. परंतु विमा उतरविताना हे कलम लहान उद्योजकास समजावून सांगण्याचे कर्तव्य कोणाचे? १ जानेवारी २००७ पासून अग्निविम्याचे बांधील दर गेले आणि हप्त्याच्या सवलतींची स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे. परम सद्भाव दोन्ही पक्षांवर बंधनकारक असेल, तर येथील मौन हाही दोष मानावा लागेल.

तिसरी अडचण पुनर्बांधणीची. 'नव्यास नवे' अशा कलमाखाली कंपनी जुन्याच्या जागी नवी वस्तू उभारण्याचा खर्च देते, तोही ती प्रत्यक्ष उभारल्यावर. येथे तिसरा पक्ष प्रवेश करतो, तो दुरुस्तीचा ठेकेदार. आम्लाच्या वाफांनी खाल्लेले लोखंडी खांब वरून रंगविले तर नवे दिसतात. पण पुढच्या भाराला ते टिकतील काय, हे रंगावरून कळत नाही. धुऊन, वाळवून पुन्हा चालू शकणारी मोटार निकामी ठरविणे जितके अनीतीचे, तितकेच धोकादायक झालेला खांब चालण्याजोगा ठरविणे अनीतीचे. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात माणूस जाऊ शकतो. म्हणून दुरुस्तीचा अंदाज करणारा आणि ते काम मिळविणारा हे एकच असू नयेत, एवढा नियम तरी या व्यवसायाने पाळला पाहिजे. सर्व्हेअरवर संहितेचे बंधन आहे. ठेकेदारावर मात्र तशा स्वरूपाचे बंधन नाही.

५. कुंपणापलीकडील घर

आतापर्यंतचा विचार करार करणाऱ्या पक्षांपुरता झाला. स्फोटाचा हादरा मात्र कुंपणाशी थांबत नाही. शेजारच्या गावातील घराच्या काचा फुटल्या, भिंतीस तडे गेले, तर त्या घरमालकाचे काय? भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला आणि धोकादायक द्रव्ये हाताळणाऱ्यांस विमा सक्तीचा झाला. अपघाताची खात्री करून पीडितांकडून अर्ज मागविण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. कोणाचा दोष, हे सिद्ध करण्याची गरज ठेवली नाही, हा या कायद्याचा मोठा गुण. परंतु त्याच्या मूळ अनुसूचीत मृत्यूबद्दल २५,००० रुपये आणि खाजगी मालमत्तेच्या हानीबद्दल कमाल ६,००० रुपये अशा रकमा होत्या. कुंपणाच्या आत रुपयारुपयाचा हिशेब आणि कुंपणाबाहेर ठोक मर्यादा, असे हे चित्र होते.

अणुहानीच्या बाबतीतही असेच घडले. सामान्य अग्निविमा किरणोत्सर्गाची हानी वगळतो. १९६९ पासून केंद्राच्या सावलीत राहणाऱ्या कुटुंबास तिच्यासाठी बाजारात विमापत्र मिळण्याची सोय नव्हती. २०१० च्या कायद्याने केंद्रचालकाचे दायित्व १,५०० कोटी रुपयांपर्यंत ठरविले होते, आणि २०१५ मध्ये तेवढ्याच क्षमतेचा अणुविमा-समूह उभा राहिला. मुंबईच्या स्फोटाने दाखविलेला धडाच येथे पुन्हा दिसतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे लहानमोठे धक्के बसू लागले. तेथे तडा जुना की नवा, हा वाद घरोघर निघू शकतो. त्याचा निवाडा करणारा तलाठी असो की सर्व्हेअर, त्याच्यापुढील नैतिक प्रश्न एकच असतो.

६. उपसंहार

जोखमी हुंडीच्या काळी मोजणाऱ्यापाशी शास्त्र नव्हते, पण भोवती समाजाचे डोळे होते. आज मोजणाऱ्यापाशी शास्त्र, परवाना आणि संहिता आहे. मात्र तो एकटा आहे आणि एका पक्षाचे वेतन घेतो. जुन्या व्यवस्थेकडे परत जावे, असे कोणी म्हणणार नाही. पंचांसही आपापले हितसंबंध असत. परंतु पंचनाम्यातील एक तत्त्व आजही घेण्याजोगे आहे. मोजमाप सर्वांसमक्ष व्हावे, आणि ज्याची हानी झाली त्यास त्या मोजमापाची कारणे कळावीत. अहवालाची प्रत विमेदारास वेळेवर मिळणे, नाकारलेल्या रकमेची कारणे मराठीत सांगितली जाणे, आणि शेजाऱ्याच्या हानीची पाहणी कारखान्याच्या पाहणीबरोबरच होणे, या साध्या गोष्टी आहेत.

या विषयाच्या अभ्यासास साधने कमी नाहीत. न्यायनिर्णय, जिल्हाधिकारी कार्यालयातील पंचनामे, पेढ्यांचे जुने रोजमेळ आणि वसाहतीतील लहान उद्योजकांच्या आठवणी ही सर्व इतिहासाची साधनेच होत. व्यापाराच्या इतिहासात नफ्याची गणिते पुष्कळ मांडली गेली आहेत. हानीची गणिते कोणी व कशी मांडली, हे पाहिल्यावाचून तो इतिहास पुरा होणार नाही.