वैरणीचे पचन आणि बुरशीची विकरे
रवंथ करणाऱ्या जनावरांना कडबा किंवा वाळलेले गवत स्वतःच्या बळावर पचवता येत नाही, कारण वनस्पतीला ताठपणा देणारा सेल्युलोज हा तंतुमय पदार्थ तोडणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारी प्रथिने, त्यांच्या शरीरात तयार होत नाहीत. ते काम पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, म्हणजे रोमंथिकेतील, सूक्ष्मजीव करतात. तेथील आदिजीवांचे वर्णन ग्रूबी आणि देलाफाँ यांनी १८४३ मध्येच केले होते, आणि पुढे जीवाणूंचाही कसून अभ्यास झाला. बुरशीची ओळख पटण्यास मात्र आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

बुरशीला प्राणवायू लागतोच, हा समज या विलंबाच्या मुळाशी होता, आणि अभ्यासाच्या पद्धतीने तो अधिकच पक्का केला. रोमंथिकेतील द्रव तपासणीपूर्वी फडक्यातून गाळला जाई, त्यामुळे वैरणीच्या तुकड्यांना घट्ट चिकटलेली बुरशी चोथ्याबरोबर फेकली जाई. तिचे शेपटीने पोहणारे बीजाणू द्रवात दिसत असत, परंतु ब्राउने या संशोधकाने १९१३ मध्ये त्यांची गणना आदिजीवांत केली आणि ती तशीच चालत राहिली. केंब्रिजजवळील बाब्रहॅम येथे कॉलिन ऑर्पिन यांना आढळले की मेंढीने चारा खाल्ल्यावर या पोहणाऱ्या पेशींची संख्या अल्पावधीत इतकी वाढते की केवळ पेशीविभाजनाने तिचा उलगडा होत नाही. त्या पेशी चाऱ्याला चिकटलेल्या एखाद्या अवस्थेतून बाहेर पडत असल्या पाहिजेत, हे त्यांचे अनुमान १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पेशीभित्तिकेतील कायटिन या बुरशीत आढळणाऱ्या द्रव्याच्या पुराव्याने १९७७ मध्ये ते दृढ झाले. गृहीताला न जुमानता निरीक्षणावर विश्वास ठेवण्याचे हे धैर्य विशेष मोलाचे आहे.

वैरण अधिक चांगली पचावी म्हणून पशुखाद्यात बाहेरून मिसळण्याच्या विकरांचा इतिहास मात्र वेगळ्याच ठिकाणी सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजू लागले. सॉलोमन बेटांवरील अशाच कापडातून मिळालेल्या बुरशीवर एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी काम केले, आणि तिला पुढे रीझ यांच्या नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीझी’ असे नाव मिळाले. नाश थांबवण्यासाठी सुरू झालेल्या या संशोधनातून सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांचे औद्योगिक उत्पादन उभे राहिले. जनावरांवरील १९६०च्या दशकातील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी होते, आणि रोमंथिकेतील सूक्ष्मजीव ही प्रथिने लगेच तोडून टाकतील, अशी शंकाही होती. कॅनडातील लेथब्रिज येथील संशोधनामुळे १९९०च्या दशकात या विषयाला पुन्हा चालना मिळाली. खाऊ घालण्यापूर्वी कोरड्या खाद्यावर विकर फवारल्यास ते तंतूंना चिकटून अधिक काळ टिकते, असे दिसून आले.

तरीही परिणाम चाऱ्याच्या प्रकारानुसार व विकराच्या मात्रेनुसार बदलतात, आणि सेल्युलोजला वेढणारे लिग्निन हे कठीण द्रव्य ही विकरे तोडू शकत नाहीत. रोमंथिकेतील बुरशी आपल्या मुळांसारख्या तंतूंनी वैरणीच्या ऊतींत शिरून त्या फाडते आणि तेथेच विकरे सोडते. कारखान्यात तयार झालेल्या कोणत्याही मिश्रणाला हे दुहेरी काम अद्याप साधलेले नाही.