अनुराधपूर : राज्य गेले, बोधिवृक्ष राहिला

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील अनुराधपूर हे नगर सुमारे १३०० वर्षे सिंहली राजांची राजधानी होते. राजवाड्यांची जोती, दगडी खांबांच्या रांगा आणि विटांचे प्रचंड स्तूप एवढेच आता शिल्लक आहे. तथापि हे मृत नगर नव्हे. पांढरी वस्त्रे ल्यालेले भाविक कमळे घेऊन आजही येथे येतात. युनेस्कोने १९८२ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

'महावंस' या पाली ग्रंथानुसार सम्राट अशोकाचा पुत्र महेंद्र याने इ. स. पू. तिसऱ्या शतकात राजा देवानांपिय तिस्स याला बौद्ध धर्माची दीक्षा दिली. त्यानंतर अशोककन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी येथे आणली. तीच आजचा 'श्री महाबोधी' होय. लागवडीचा काळ नोंदलेला हा जगातील सर्वांत जुना वृक्ष मानला जातो.

येथील स्तूपांना 'दागबा' म्हणतात. राजा दुटुगेमुणू याने रुवनवेलीसाय स्तूपाची उभारणी आरंभिली. परंतु तो पूर्ण होण्यापूर्वीच राजा मृत्युशय्येवर पडला. तेव्हा धाकट्या भावाने अपूर्ण भाग शुभ्र वस्त्राने झाकून त्याला स्तूपाचे 'पूर्ण' रूप दाखविले, अशी कथा आहे. राजा महासेन याने उभारलेला जेतवन स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता. त्या काळी इजिप्तमधील दोन पिरॅमिडच तेवढे त्याहून उंच होते. चिनी यात्रेकरू फाहियान पाचव्या शतकात येथील अभयगिरी विहारात राहिला होता.

या कोरड्या प्रदेशात एवढे नगर पोसले ते पाण्याच्या नियोजनाने. तिस्स वेव, नुवर वेव यांसारखे विस्तीर्ण तलाव राजांनी बांधले. कला वेव जलाशयातून सुमारे ८७ किलोमीटर लांबीच्या कालव्याने येथे पाणी आणले गेले. अभयगिरी परिसरातील 'कुट्टम पोकुण' या जोडतलावांत पाणी गाळून सोडण्याची व्यवस्था अजून पाहता येते.

इ. स. ९९३ मध्ये चोळांच्या आक्रमणाने नगराचा पाडाव झाला. राजधानी पोलोन्नरुव येथे गेली आणि अनुराधपूरवर हळूहळू रान माजले. बोधिवृक्षाची उपासना मात्र टिकून राहिली. या वृक्षाच्या परिसरालाही रक्तपात चुकला नाही. मे १९८५ मध्ये तमिळ बंडखोरांनी नगरात केलेल्या हल्ल्यात १४० हून अधिक नागरिक मारले गेले. त्यांत येथे प्रार्थनेसाठी आलेले भाविकही होते. यादवी २००९ मध्ये संपली. ज्या वृक्षाखाली लोक अहिंसेचे स्मरण करतात, तेथील हा इतिहास पाहुण्याने विसरू नये.

पाहण्यासाठी : अवशेष दूरवर विखुरलेले असल्याने किमान एक पूर्ण दिवस हाताशी असावा. समाधी बुद्धमूर्ती आणि कोरीव चंद्रशिला अवश्य पाहाव्यात. महेंद्र व राजा यांची भेट झाली ते मिहिंतले सुमारे १३ किलोमीटरवर आहे. पवित्र स्थळी पादत्राणे व टोपी काढावी, खांदे व गुडघे झाकलेले असावेत आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. दुपारी दगड तापतात. म्हणून सकाळची वेळ उत्तम. कोलंबोहून रस्त्याने हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. जूनमधील पोसोन पौर्णिमेला येथे मोठी गर्दी होते.