एकाच गुरूचे दोन शिष्य

‘भारत एक खोज’ या मालिकेचे शीर्षकसंगीत आठवत नाही, असा माझ्या वयाचा माणूस मराठवाड्यात शोधूनच काढावा लागेल. १९८८ साली दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या मुकुंदवाडीत घरोघरी टीव्ही नव्हते. चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला जाणारी मंडळी ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी जमायची. ऋग्वेदातील नासदीय सूक्त समूहस्वरात सुरू झाले, की लहान मुलेही गप्प बसत. ते सूर आजही अनेकांच्या कानात आहेत. पण ते बांधले कोणी, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. श्याम बेनेगल यांचे नाव आठवते. वनराज भाटिया यांचे आठवत नाही.

भाटियांचे मोठेपण नीट कळावे म्हणून आज मी त्यांच्याबरोबर आणखी एका संगीतकाराची ओळख करून देणार आहे. हे पेर नोरगोर, डेन्मार्कचे. भाटियांचा जन्म १९२७ चा, मुंबईतला. नोरगोर यांचा १९३२ चा, कोपनहेगनजवळचा. दोघांना जोडणारा दुवा पॅरिसमध्ये आहे. नादिया बुलांजे नावाच्या विदुषी तिथे संगीतरचना शिकवीत. अमेरिकेचे एरन कोपलंड, अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला असे जगभरचे संगीतकार त्यांच्या हाताखालून गेले. लंडनच्या रॉयल अकादमीतले शिक्षण संपवून भाटिया १९५४ मध्ये त्यांच्याकडे आले आणि पाच वर्षे शिकले. नोरगोर १९५६-५७ मध्ये तिथेच होते. म्हणजे एकाच काळात, एकाच गुरूकडे, एक मुंबईकर आणि एक डॅनिश तरुण पाश्चात्त्य संगीताची घडण शिकत होते. बुलांजेबाईंची तालीम कडक होती. पण शिष्यांनी आपल्यासारखेच लिहावे, असा त्यांचा आग्रह नसे. त्यामुळे दोघांच्याही वाटा निराळ्या झाल्या.

मायदेशी परतल्यावर नोरगोर यांनी एक विलक्षण सुरावट शोधली. तिला ‘अनंत मालिका’ म्हणतात. दोन सुरांपासून सुरुवात करायची आणि एका ठरावीक नियमाने पुढचा पुढचा सूर काढत जायचे. मालिका कधी संपत नाही. गंमत अशी, की तिच्यातला पहिला, पाचवा, नववा असे सूर वेचून घेतले तर पुन्हा तीच सुरावट मिळते, चारपट संथ चालीने. आणि एकाआड एक सूर घेतले, तर तिचे आरशातले रूप मिळते. जिथे चढ होता तिथे उतार. आपल्याकडे बरोबरी, दुगुन, चौगुन ऐकलेल्या रसिकाला ही कल्पना परकी वाटू नये. फरक इतकाच, की आपण गती एकामागून एक बदलतो. नोरगोर यांच्या वाद्यवृंदात त्या अनेक गती एकाच वेळी चालू असतात. म्हणून त्यांचे संगीत ऐकताना एखादी चाल गुणगुणायला सापडते का, हे बघू नये. नदीच्या पुलावर उभे राहिल्यासारखे ऐकावे. वरचे पाणी वेगाने जाते, तळाचे सावकाश, पण प्रवाह एकच. १९७५ मध्ये पुरी झालेली त्यांची तिसरी सिंफनी यासाठी पहिल्यांदा ऐकण्याजोगी आहे.

ज्या जिल्ह्यात अजिंठा आहे, तिथल्या श्रोत्याला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोरगोर यांनी १९७० च्या दशकात ‘सिद्धार्थ’ नावाचा ऑपेरा लिहिला. राजपुत्राच्या दृष्टीस जरा, व्याधी, मरण पडू नये म्हणून पिता त्याच्याभोवती सुखाच्या भिंती उभ्या करतो, तीच ही कथा. अजिंठ्याच्या भिंतींवर ज्याचे चरित्र रंगवले गेले, त्याचा शोध घ्यावा असे उत्तर युरोपातल्या एका संगीतकारालाही वाटले.

आता भाटियांकडे वळू. ते १९५९ मध्ये भारतात परतले, तेव्हा नव्या सिंफनीची मागणी करणारे इथे कोणी नव्हते. काही वर्षे त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवले, आणि चरितार्थासाठी जाहिरातींचे संगीत केले. लिरिल साबणाच्या जाहिरातीतली लकेर त्यांचीच. पुढे बेनेगल यांचा १९७४ चा ‘अंकुर’ आला, मग ‘मंथन’, मग हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरचा ‘भूमिका’. गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नासदीय सूक्त पुन्हा ऐकाल तेव्हा त्यातले आवाज नुसते एकत्र गात नाहीत, ते एकमेकांवर रचलेले आहेत, हे ध्यानात घ्या. शब्द वेदांचे, हिंदी अनुवाद मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या वसंत देवांचा, आणि स्वरांची बांधणी पॅरिसमध्ये कमावलेली. इतके सगळे एका शीर्षकसंगीतात मावले आहे.

मात्र चित्रपट आणि मालिकांपलीकडचे भाटिया आपल्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांनी पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी, गायनवृंदासाठी मैफलीच्या रचना लिहिल्या. गिरीश कर्नाड यांच्या ‘अग्नी मत्तु मळे’ या नाटकावर ऑपेरा रचायला घेतला. त्याचा काही भाग २०१२ मध्ये सादर झाला, तोही न्यूयॉर्कला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. मैफलीच्या या रचना ऐकायच्या म्हटल्या, तर हाती लागणाऱ्या ध्वनिमुद्रिका फार थोड्या.

नोरगोर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या आठही सिंफनी आज ध्वनिमुद्रित आहेत. पहिली आणि आठवी तर थेट व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने वाजवलेली. ‘सिद्धार्थ’ही मुद्रित झाला आहे. हे आपोआप घडलेले नाही. डेन्मार्कने १९७६ मध्ये संगीतासाठी स्वतंत्र कायदा केला. १९८९ मध्ये ‘डाकापो’ ही ध्वनिमुद्रणसंस्था निघाली. तिला सरकारी मदत मिळते, आणि डॅनिश संगीत मुद्रित करून जगापुढे ठेवणे हे तिचे काम. हा देश केवढा? साठ लाख वस्तीचा. २०११ च्या जनगणनेत एकट्या मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती.

तेव्हा प्रश्न प्रतिभेचा नाही, जपणुकीचा आहे. बुलांजेबाईंनी दोघांनाही सारखीच विद्या दिली. एकाच्या देशाने ती साठवण्याची सोय केली. दुसऱ्याच्या देशात जेवढे चित्रपटाला आणि जाहिरातीला लागले तेवढे उरले. लिहिलेले संगीत कागदावर असते तोवर ते मोजक्या जाणकारांचे असते. वाजवून मुद्रित केले, की मुकुंदवाडीत बसलेल्या माझ्यासारख्यालाही ते मिळते. नोरगोर यांना मी असेच, केवळ ध्वनिमुद्रिकांतून ओळखतो.

राष्ट्रीय संस्था कधी उभी राहील ते राहो. आपल्या हातातले काम आज करता येईल. गावोगावच्या भजनी मंडळांच्या, भारुडांच्या, शाळेतल्या संगीतशिक्षकांनी बांधलेल्या गीतांच्या कॅसेट्स अजून कपाटांत पडून आहेत. फीत चिकटते, तिला बुरशी येते. ती जाण्यापूर्वी संगणकावर उतरवून घ्या. त्यावर गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहा. आणि चाल कोणाची, हे लिहायला विसरू नका. आपल्याकडे नेमके तेच लिहायचे राहून जाते.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)