सापडलं नाही म्हणजे नाहीच का?

१९५८ साली 'द लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात नागपूरच्या दोन डॉक्टरांचा एक छोटासा निबंध छापून आला. लेखक होते आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी. विषय होता मध्य भारतात आढळणारा सिकल सेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या वाकतात, तो हा आजार. आज विदर्भात त्याचं नाव कुणाला नवीन नाही. गावोगावी तपासणीची शिबिरं होतात, २०२३ च्या जुलैपासून तर निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. हा आजार आपल्या भागात आहे, असं जगाला कळवणाऱ्या सुरुवातीच्या निबंधांपैकी हा एक.

आता समजा, २००० साली अकोल्यातल्या एखाद्या डॉक्टरने सायबर कॅफेत बसून पबमेडवर 'मध्य भारतातला सिकल सेल' शोधला असता, तर त्याला हा निबंध दिसला नसता. पबमेड म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची शोधनिबंधांची सूची. १९९७ पासून ती जगात सगळ्यांना फुकट खुली आहे. पण त्या काळात तिच्यातल्या नोंदी साधारण १९६६ पासूनच्या होत्या. त्याआधीचं वैद्यकशास्त्र जाड छापील सूच्यांत होतं, आणि त्या सूच्या कुठल्या कपाटात आहेत हे फक्त ग्रंथपालांना ठाऊक होतं.

मी वऱ्हाडातल्या एका आरोग्यविषयक ग्रंथालयात काम करते. "मॅडम, सगळं तं नेटवर हाय, मंग तुमचं काम काय?" हा प्रश्न मला दरवर्षी नवी बॅच आली की ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, कारण ते सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे. ग्रंथपाल एकमेकांना काय विचारत आले, त्याचा हा इतिहास.

आठ माणसं आणि जादा अंक

२ मे १८९८ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात आठ जण जमले. चार ग्रंथपाल, चार डॉक्टर. त्यांनी वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना काढली. आजची मेडिकल लायब्ररी असोसिएशन ती हीच. संघटनेच्या सुरुवातीच्या पाठीराख्यांमध्ये विल्यम ऑस्लर होते, त्या काळातले मोठे वैद्यकशिक्षक. ग्रंथपालांमध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या मार्गारेट चार्ल्टन होत्या.

या मंडळींपुढचा प्रश्न साधा होता. एका ग्रंथालयात एखाद्या नियतकालिकाचे दोन-दोन अंक पडून असायचे आणि दुसरीकडे नेमका तोच अंक नसल्याने अख्खा खंड अपुरा राहायचा. तेव्हा ठरलं, की प्रत्येकाने आपल्याकडच्या जादा अंकांची यादी करायची आणि दुसऱ्याला लागेल ते पाठवून द्यायचं. या देवाणघेवाणीचं काम बाल्टिमोर शहरातल्या ग्रंथपाल मार्शिया नॉयेस यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. पुढे त्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. डॉक्टर नसलेली व्यक्ती त्या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ.

"तुमच्याकडे अमुक आहे का?" या प्रश्नातून हा पेशा उभा राहिला. एकही वैद्यकीय ग्रंथालय स्वतःपुरतं पुरं पडत नाही, ही त्यामागची कबुली.

वऱ्हाडातून विचारायचं कुणाला?

आता आपल्याकडे या. नागपूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चं, सेवाग्रामचं १९६९ चं. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघालं १९८४ साली, अकोल्यातलं सरकारी महाविद्यालय २००२ साली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षं वऱ्हाडातल्या डॉक्टरला एखादा निबंध वाचायचा तर नागपूरची गाडी धरावी लागे. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. एवढ्या लांब जाऊन तो खंड नेमका बाइंडिंगला गेलेला असला, तर हात हलवत परत यायचं.

दुसरा मार्ग टपालाचा. संशोधक छापील पोस्टकार्डावर निबंधाचं नाव लिहून थेट लेखकालाच पाठवत आणि प्रत मागत. 'करंट कंटेंट्स' नावाचं साप्ताहिक नुसत्या अनुक्रमणिका छापायचं आणि मागे लेखकांचे पत्ते द्यायचं, ते याचसाठी. तिसरा मार्ग दिल्लीचा. १९५२ साली तिथे इन्सडॉक ही संस्था निघाली. मागणी केली, पैसे भरले, की निबंधाची प्रत टपालाने येई. देशातल्या कुठल्या ग्रंथालयात कुठलं वैज्ञानिक नियतकालिक आहे, याची संघसूचीही याच संस्थेने केली. मला ती सूची तेव्हाच्या एखाद्या शोधयंत्रासारखी वाटते. फरक इतकाच, की तिच्यातून उत्तर मिळत नसे, उत्तर कुणाकडे आहे ते कळत असे.

मग ईमेल आलं. १९९१ साली अमेरिकेतल्या बफेलो इथून 'मेडलिब-एल' ही वैद्यकीय ग्रंथपालांची ईमेल-यादी सुरू झाली. एकाने प्रश्न टाकायचा, तो शेकडो जणांच्या पेटीत पडायचा, ज्याला माहीत असेल त्याने उत्तर द्यायचं. भारतात १९९५ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून 'लिस-फोरम' सुरू झाली, सगळ्याच प्रकारच्या ग्रंथपालांसाठी. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य भारतीयांना इंटरनेट खुलं केलं. ज्याच्या हाती मोडेम आला, त्याच्यासाठी अकोल्यापासून नागपूर आणि बफेलो एकदम सारख्याच अंतरावर आले.

बाल्टिमोर, २००१

या गप्पांची खरी किंमत कळली ती एका मृत्यूमुळे, आणि तोही त्याच बाल्टिमोरमध्ये.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावर संशोधन चालू होतं. त्यात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे देत होते. एलन रोश, वय २४, तिथल्याच दमा केंद्रात तंत्रज्ञ. मे २००१ मध्ये तिने हे औषध हुंगलं. तिची फुप्फुसं निकामी होत गेली आणि २ जूनला ती वारली. जुलैत सरकारने त्या विद्यापीठातलं सरकारी पैशावरचं मानवी संशोधन काही काळ थांबवलं.

हे औषध धोक्याचं आहे का, हे संशोधकांनी आधी पाहिलं होतं. पबमेड चाळलं होतं, पाठ्यपुस्तक उघडलं होतं. धोका दिसला नव्हता. पण हेक्झामेथोनियम हे १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी वापरलं जाणारं जुनं औषध. त्यावर असलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांना इजा झाल्याचे निबंध त्याच दशकात छापले गेले होते. म्हणजे माहिती होती, पण १९६६ च्या अलीकडे नव्हती.

बातमी फुटल्यावर मेडलिब-एलवर ग्रंथपालांची चर्चा पेटली. जुन्या छापील सूच्या उघडून कुणी संदर्भ काढले, कुणी इंटरनेटवर हे किती सहज सापडतं ते दाखवून दिलं. मग प्रश्न आला, की संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत ग्रंथपाल का नाही? शोध कसा घेतला, कुठल्या सूचीत, कुठल्या सालापासून, हे लिहून द्यायची सक्ती का नाही?

एक ग्रंथपाल तिथे असती तर एलन वाचली असती, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तेवढं म्हणायची गरजही नाही. त्या चर्चेने 'सापडलं नाही' आणि 'नाही' या दोन वाक्यांमधला फरक ठळक केला. पहिलं वाक्य शोधणाऱ्याबद्दल असतं, दुसरं जगाबद्दल. घाईत आपण पहिलं पाहतो आणि दुसरं बोलतो.

पुढे पबमेडने १९६६ आधीच्या नोंदीही टप्प्याटप्प्याने जोडल्या. शुक्ला-सोळंकींचा निबंध आज फोनवर दिसतो. म्हणून प्रश्न मिटला असं वाटेल. तो मिटला नाही, त्याने फक्त जागा बदलली.

एका गावाची पाच नावं

वऱ्हाडाच्या आरोग्याचा इतिहास शोधायला बसलात, की हे लगेच कळतं. इंग्रजी कागदांत वऱ्हाड हे 'बेरार' आहे. अमरावतीचं स्पेलिंग 'अम्राओती' असं उच्चारावं लागेल असं आहे. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आलेला हा मुलूख त्यांच्या दप्तरात 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या नावाने नोंदला गेला. १९०३ नंतर तो मध्य प्रांताला जोडला गेला, पुढे 'सी. पी. अँड बेरार', १९५० नंतर मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. अकोटचं एखादं गाव जागचं हललंही नाही, पण सूचीत ते इतक्या राज्यांत फिरून आलं.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारतातले आरोग्य, लसीकरण, साथीचे रोग यांचे जुने अहवाल इंटरनेटवर मोठ्या प्रमाणात खुले केले आहेत. अशा ठिकाणी आजच्या स्पेलिंगने 'अमरावती' टाइप करून पाहणारा मुलगा रिकाम्या हाताने परतण्याचीच शक्यता जास्त. त्याला 'बेरार' सुचवणारं माणूस लागतं. आजारांचंही तसंच. सिकल सेलला जुन्या निबंधांत 'सिक्लिमिया' म्हटलेलं सापडतं, 'ड्रेपॅनोसायटिक ॲनिमिया'ही सापडतं. यंत्र तुम्ही जे विचाराल तेच शोधतं. काय विचारायचं, हे ज्याने आधी ठेच खाल्ली तोच सांगतो.

मॅडम, हा पेपर भेटन का?

आता ही चर्चा फोनवर आली आहे. रात्री दहाला निवासी डॉक्टरचा मेसेज येतो. सकाळी सेमिनार आहे, निबंधाचा सारांश दिसतो, पुढे कुलूप. उघडायचे पैसे कधी कधी त्याच्या महिन्याच्या मेसइतके. मी तो संदर्भ ग्रंथपालांच्या गटावर टाकते. पुण्याची एखादी मॅडम, बेळगावचे एखादे सर, ज्यांच्याकडे ते नियतकालिक आहे ते कॉपीराइट कायदा आणि करार पाहून काय करता येईल ते कळवतात. भारताच्या १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ खासगी अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापराला जागा देतं. त्या जागेची हद्द कुठवर, हाही आमच्या गटावरचा नेहमीचा वाद.

या कुलपामागेही एक इतिहास आहे. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'हिनारी' ही योजना आणली. गरीब देशांना वैद्यकीय नियतकालिकं फुकट किंवा स्वस्त मिळावीत म्हणून. भारताला त्यात जागा मिळाली नाही. प्रकाशकांच्या दृष्टीने आपण मोठी बाजारपेठ. २००८ पासून दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या 'अर्मेड' या संघाने काही सरकारी संस्थांना एकत्र वर्गणी मिळवून दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. काम मोठं आहे, पण पहिला लाभ सरकारी संस्थांना. म्हणजे एकाच शहरात सरकारी महाविद्यालयातल्या पोरीला निबंध उघडतो आणि दोन चौक पलीकडे शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयातल्या तिच्या भावाला उघडत नाही. रुग्ण मात्र दोघांकडे सारखेच येतात, त्याच धारणी-चिखलदऱ्याच्या एसटीने.

फोनवरच्या गटांची मला एकच धास्ती आहे. ईमेल-याद्यांची दप्तरं राहिली. २००१ ची चर्चा अभ्यासता आली ती म्हणूनच. आमच्या गटावर मात्र सकाळच्या शुभेच्छा, सेवानिवृत्तीचे हार आणि एखाद्या दुर्मीळ अहवालाचा पत्ता, सगळं एकाच प्रवाहात वाहून जातं. फोन बदलला की गेलं. जुने ग्रंथपाल निवृत्त होतात आणि कुठल्या तळघरात कुठले खंड आहेत हे ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जातं. तपासणी होते तेव्हा पुस्तकं मोजतात, खुर्च्या मोजतात. किती प्रश्न आले आणि त्यांचं काय झालं, हे कुणी मोजत नाही.

म्हणून मी एक साधं रजिस्टर घातलं आहे. त्यात चार रकाने आहेत. कोणी काय विचारलं, कुठकुठल्या नावांनी शोधलं, कुठे मिळालं. चौथा रकाना आहे, कुठे शोधूनही मिळालं नाही आणि ती सूची कुठल्या सालापासूनची होती. नव्या मुलांना पहिले तीन रकाने लगेच कळतात. चौथा का, असं ती विचारतात. मग मी त्यांना एलन रोशची गोष्ट सांगते.