धूर आत घ्यायचा नाही!

१५९९ साली लंडनमध्ये बेन जॉन्सनचं एक नाटक आलं, 'एव्हरी मॅन आउट ऑफ हिज ह्यूमर'. त्यात शिफ्ट नावाचा एक भामटा आहे. हा पठ्ठ्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये चक्क जाहिरात डकवतो की शहरातल्या होतकरू तरुणांना तंबाखू ओढायची कला शिकवून मिळेल! धूर कसा घ्यायचा, कसा कोंडून धरायचा, कसा सोडायचा, सगळं साग्रसंगीत. जॉन्सन अर्थातच टिंगल करतोय. पण टिंगल व्हायला आधी ती गोष्ट समाजात असावी लागते. म्हणजे पाइप ओढणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन हा प्रकार निदान सव्वाचारशे वर्षं जुना आहे.

यात नवल नाही म्हणा. बिडी किंवा सिगारेट ओढायला शिकवावं लागत नाही, ती कॉलेजच्या कट्ट्यावर आपोआप येते. पाइपचं तसं नाही. तो भरायला शिकावं लागतं, पेटवायला शिकावं लागतं, तेवत ठेवायला तर फारच. आपल्या जुन्या सिनेमात ड्रेसिंग गाऊन घालून जिन्यावरून उतरणारा श्रीमंत बाप हातात पाइप धरायचा, त्यामागे हेच होतं. पाइप म्हणजे सवड, ऐपत आणि विचार करणारं डोकं, असं समीकरण. सिगारेट ओढणारा घाईत असतो, पाइप ओढणारा चिंतनात!

पाइपच्या सूचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या वाचायला फार गोड आहेत. पाइपच्या वाटीत तंबाखू एकदम कोंबायची नाही, तीन चिमटीत भरायची. पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या, म्हणजे तळाशी सैल आणि वर जरा घट्ट. पहिल्या काडीने फक्त वरचा थर काळा करायचा. तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबायची आणि मग दुसरी काडी लावायची. झुरके सावकाश, गरम चहा बशीतून प्यावा तसे. घाई केली तर वाटी तापते, तंबाखूतल्या ओलाव्याची वाफ होते आणि जीभ पोळते. विझला तर लाजायचं नाही, पुन्हा पेटवायचा. ओढून झाला की पाइपला दिवसभर विश्रांती द्यायची, कारण लाकडाने ओल शोषलेली असते. वाटीच्या आत हळूहळू काजळीचा थर बसतो, तो नाण्याच्या जाडीइतका राहू द्यायचा. त्यापेक्षा जाड झाला तर तापल्यावर फुगून तो लाकूड तडकवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना: धूर आत घ्यायचा नाही. तोंडात खेळवायचा आणि सोडून द्यायचा.

यातली प्रत्येक सूचना एखाद्या वस्तूच्या स्वभावातून आली आहे. युरोपातले सुरुवातीचे पाइप पांढऱ्या मातीचे. तंबाखू तेव्हा इतकी महाग, की वाटी जेमतेम करंगळीचं टोक मावेल एवढीच. तंबाखू स्वस्त होत गेली तशा वाट्या मोठ्या होत गेल्या. धूर गार होऊन यावा म्हणून नळ्या लांब झाल्या, आणि लांब नळीतलं भोक बारीक झालं. यात एक गंमत आहे. अमेरिकेतले पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ साली दाखवून दिलं, की जुन्या वसाहतींच्या उत्खननात सापडणाऱ्या मातीच्या नळ्यांची भोकं मोजली तर ती वस्ती साधारण कोणत्या काळातली ते सांगता येतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भोक एक इंचाच्या ६४ भागांतले ९ भाग, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ४ भाग. पाइप स्वस्त, ठिसूळ आणि पडला की तुटणारा. त्यामुळे माणसांनी फेकलेले तुकडे हेच इतिहासाचं घड्याळ झालं.

मग तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ मिळणाऱ्या मीरशॉम नावाच्या हलक्या पांढऱ्या खनिजाचे पाइप आले. ते ओढता ओढता मधासारखे पिवळे होत जातात, म्हणून शौकिनांना प्रिय. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सां-क्लोद गावच्या कारागिरांनी ब्रायर हाती घेतलं. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते, तिचं हे लाकूड. ती गाठ उकळायची, महिनोन्‌महिने वाळवायची, मग कोरायची. हे लाकूड विस्तवाला दाद देत नाही. नव्या पाइपला 'सवय लावणं', त्याला विश्रांती देणं, काजळीचा थर जपणं, हे सगळे नियम ब्रायरच्या स्वभावाचे आहेत. मातीच्या पाइपला कोण विश्रांती देतोय!

पण 'धूर आत घ्यायचा नाही' हा नियम पाइपच्या स्वभावातून आलेला नाही. तो तंबाखूच्या स्वभावातून आला आहे. शिफ्टच्या काळात इंग्रजीत तंबाखू 'पिणे' असंच म्हणत, जसं आपल्याकडे खेड्यात अजून 'बिडी पितो' म्हणतात. तेव्हाचे छैलछबिले लोक धूर पोटभर घेत आणि नाकातून सोडून दाखवत. पुढे कधीतरी शहाण्यांच्या लक्षात आलं की पाइपचा धूर छातीत घेतला तर ठसका लागतो आणि न घेताही तरतरी येतेच. ती कशी येते?

याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, फक्त ते आपण पाइपशी जोडलेलं नसतं. तळहातावर तंबाखू मळणारा माणूस तिच्यात चुना का घालतो? चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते, तिच्यातलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या, हिरडीच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात उतरतं. हवेत वाळवलेल्या तंबाखूचा धूरही असाच अल्कधर्मी असतो. पाइपमध्ये आणि सिगारमध्ये अशीच तंबाखू मोठ्या प्रमाणावर जाते. सिगारेटची तंबाखू बहुतांशी गरम हवेच्या भट्टीत वाळवलेली, तिचा धूर आम्लधर्मी. तो तोंडातून फारसा शोषला जात नाही, फुप्फुसात न्यावाच लागतो.

म्हणजे बघा, लंडनच्या क्लबात आरामखुर्चीत बसून धूर तोंडात खेळवणारा साहेब आणि बांधावर बसून गालात तंबाखू-चुन्याची गोळी धरणारा आपला गडी, दोघांचं रसायनशास्त्र एकच. एकाला आपण चिंतनशील म्हटलं, दुसऱ्याला व्यसनी. पाइपमध्ये चुना लागत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि इथेच ती गोड सूचना जरा कडू लागायला लागते. नवशिक्या 'धूर आत घ्यायचा नाही' हे ऐकतो ते तंत्र म्हणून, पण त्याच्या मनात ते उतरतं ते दिलासा म्हणून. आत जात नाही ना, मग काय बिघडतं?

हा प्रश्न नेमका उलट्या बाजूने विचारणारा एक माणूस आपल्या इतिहासात आहे, आणि त्याची गोष्ट विजापुरातून सुरू होते. तंबाखू आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आली, आपला 'तंबाखू' शब्दसुद्धा त्यांचाच. तिथून ती आदिलशाहीत पोचली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता, आदिलशहाची मुलगी शहजादा दानियालसाठी आणायला. तिथे त्याने ही नवलाई पाहिली आणि १६०४च्या सुमारास परतताना बरोबर घेतली. त्याचा स्वतःचा वृत्तांत आहे. तीन हात लांबीची नळी, दोन्ही टोकांना जडावकाम आणि मिनाकाम, तोंडाशी धरायला येमेनी अकीक, पेटवायला सोन्याचं साधन, सगळं चांदीच्या तबकात मांडून त्याने बादशहासमोर ठेवलं.

अकबराने कुतूहलाने विचारलं, हे काय? एका सरदाराने सांगितलं की मक्का-मदिनेत ही गोष्ट ठाऊक आहे, औषध म्हणून आणलीय. बादशहाने नळी हातात घेतली तोच त्याचा हकीम पुढे आला आणि त्याने मना केलं. अकबर म्हणाला, असदच्या समाधानासाठी थोडं ओढतो. दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ. मग दरबारात वाद झाला. हकिमाचं म्हणणं सरळ होतं: आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, आपल्याकडे कुणी पारखून पाहिलेली नाही, फिरंगी ओढतात म्हणून आपण का ओढायची? असदचा युक्तिवाद असा, की जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते. अकबराला हे पटलं. ग्रंथात नाही म्हणून नवं नाकारत बसलो तर प्रगती कशी व्हायची, असं तो म्हणाला.

वाद कुणी जिंकला? दरबारात असद बेगने. त्याने आणलेली तंबाखू सरदारांत वाटली गेली, मागणी वाढली, व्यापाऱ्यांनी विकायला सुरुवात केली आणि चाल पसरली. असद हेही लिहितो की खुद्द बादशहाने मात्र ती सवय लावून घेतली नाही. आणि हकीम शेवटपर्यंत बधला नाही.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात मूर्ख कुणीच नाही. एरवी आपण असदच्या बाजूने असतो. पोथीत नाही म्हणून नाकारणारा माणूस आपल्याला प्रतिगामी वाटतो. पण हकिमाचा मुद्दा पोथीपुरता नव्हता. तो पुरावा मागत होता. आणि त्याला द्यायला तेव्हा कुणाकडेच पुरावा नव्हता.

सत्ताधीशांनी नंतर बंदीचे प्रयोग करून पाहिले. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सने १६०४ मध्येच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि पौंडामागे २ पेन्स असलेली जकात ६ शिलिंग १० पेन्स केली. आपल्याकडे जहांगीरने १६१७ साली तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही घातली होती. पण जहांगीरचा तिथला वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभर करमेना, म्हणून शहाने त्याला तेवढी सवलत दिली! बंदीचं काय होतं ते तेव्हाच कळलं होतं म्हणायचं.

पुरावा यायला फार वेळ लागला. टॉमस हॅरियट हा मोठा गणिती १५८५ साली अमेरिकेत गेला आणि १५८८ च्या आपल्या पुस्तकात त्याने तिथल्या लोकांचं मातीच्या नळ्यांतून तंबाखू ओढणं वर्णिलं, तिचे औषधी गुण भरभरून सांगितले. तो स्वतःही शौकीन. १६२१ साली तो नाकाच्या कर्करोगाने गेला. कारण तंबाखूच होती असं आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण वाचताना थबकायला होतं. १७९५ साली जर्मन वैद्य सोमरिंग याने पाइप ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग जास्त दिसतो अशी नोंद केली. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला.

१९६४ साली अमेरिकन सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल आला. पाइपमुळे ओठाचा कर्करोग होतो असं त्यात म्हटलं होतं, पण त्याच अहवालात हेही होतं की पाइपवाल्यांचा मृत्युदर न ओढणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त दिसत नाही. हे दुसरं वाक्य पाइपप्रेमींना अजून तोंडपाठ असतं. २००४ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १ लाख ३८ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात फक्त पाइप ओढणारे आणि कधीच तंबाखू न वापरलेले, अशी तुलना होती. धोका सिगारेटपेक्षा कमी होता हे खरं. पण तोंड, घसा, अन्ननलिका, स्वरयंत्र, फुप्फुस, स्वादुपिंड, शिवाय हृदयविकार आणि पक्षाघात, सगळीकडे तो न ओढणाऱ्यांपेक्षा जास्तच होता. आणि सिगारेट सोडून पाइपकडे वळलेला माणूस जुन्या सवयीने धूर आतही घेतो, हे वेगळंच.

आता कुणी म्हणेल, मग त्या तीन चिमटी, ती दुसरी काडी, ते सावकाश झुरके, यात काहीच अर्थ नाही का? आहे. एक वस्तू जपायची, घाई न करता अर्धा-पाऊण तास एका जागी बसायचं, विझलं तर न चिडता पुन्हा पेटवायचं, हे शिकण्यासारखंच आहे. पाइपकडे ओढली जाणारी माणसं बहुतेक वेळा तंबाखूकडे नव्हे तर या सवडीकडे ओढली जातात, असं मला वाटतं. ती सवड मातीच्या कुंडीत मिळते, तंबोरा लावण्यात मिळते, चहा नीट करण्यातही मिळते. तिथे निकोटीन नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ती नाही मिळाली तरी हात थरथरत नाहीत.

तरीही कुणाला शिकायचंच असेल तर सव्वाचारशे वर्षांच्या सूचना तयार आहेत आणि त्या चांगल्या आहेत. फक्त 'धूर आत घ्यायचा नाही' हे ऐकल्यावर बांधावरच्या गड्याच्या तळहातावरचा चुना आठवावा. आणि तबकामागे अस्वस्थ उभा असलेला तो हकीमही. त्याला त्या दिवशी उत्तर मिळालं नव्हतं. आपल्याला मिळालं आहे.