रसिकांचा कौल : ‘वन्समोअर’पासून ‘फर्माइशी’पर्यंत

संगीताचा इतिहास बहुधा गाणाऱ्यांचा म्हणून लिहिला जातो. घराणी, गुरुपरंपरा, बंदिशी, राजाश्रय यांची साद्यंत हकीकत त्यात सापडते. ऐकणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते. ग्रंथांच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत कोणते पुस्तक कोणी, केव्हा नेले याची नोंद राहते आणि एखादी कादंबरी किती हातांतून फिरली हे जुनी वही उलगडून पाहिले तरी कळते. गाण्याच्या श्रोत्याला अशा वहीचे भाग्य लाभले नाही. तथापि आपल्याला कोणते गाणे सर्वांत प्रिय आहे हे सांगण्याची, चारचौघांत मांडण्याची, त्यासाठी हट्टाने भांडण्याचीही हौस त्याला प्रथमपासून होती. त्या हौसेचा मागोवा घेतला म्हणजे गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील मराठी समाजाच्या सांस्कृतिक जीवनाचे एक दुर्लक्षित अंग उजेडात येते.

दरबारी मैफलीत फर्माइश करण्याचा अधिकार मोजक्या लोकांचा होता. महाराज, सरदार, मानकरी यांनी एखादा राग किंवा चीज सुचवावी आणि गवयाने ती पेश करावी, असा रिवाज असे. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर या संस्थानांत मराठी सरदार व कारकून मंडळींची वस्ती मोठी असल्याने उत्तम गाणे त्यांच्या कानांवर पडत असे. परंतु पसंती बोलून दाखविण्याची मुभा सर्वांना नव्हती. ही मुभा सामान्य प्रेक्षकाच्या हाती आली ती संगीत रंगभूमीमुळे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. नाटकात सुमारे दोनशे पदे होती. पुढे १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’ आले, आणि त्याच सुमारास मूळच्या बडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांचा आवाज किर्लोस्कर मंडळीला लाभला. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला आता एक नवे शस्त्र मिळाले. ते म्हणजे ‘वन्समोअर’.

हा शब्द इंग्रजी असला तरी मराठी प्रेक्षकाने तो पूर्णपणे आपलासा केला. पिटात बसलेला आणि खुर्चीवर बसलेला यांच्या आरोळीत फरक करता येत नसे. १९११ मध्ये ‘मानापमान’ आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ ही नाटके आली, तेव्हा बालगंधर्वांच्या पदांना इतके वन्समोअर मिळत की प्रयोग उत्तररात्रीपर्यंत आणि कित्येकदा पहाटेपर्यंत लांबत असे. नाट्यवस्तूचा ओघ त्यामुळे खंडित होतो, अशी टीकाकारांची तक्रार होती आणि ती वावगी म्हणता येणार नाही. परंतु प्रेक्षकाच्या दृष्टीने तो कौल होता. कथानक त्याला ठाऊकच असे. गोविंदराव टेंबे किंवा भास्करबुवा बखले यांनी बांधलेली चाल पुनःपुन्हा ऐकण्यासाठी तो आलेला असे. नाटकातील पदांची छोटी पुस्तिका नाटकगृहाच्या दाराशी विकत मिळे. ती घरी नेऊन, आवडत्या पदांवर खुणा करून, पेटीवर त्या चाली बसविण्याचा छंद अनेक घरांत रुजला.

आवडीबरोबर तटही पडले. केशवराव भोसले यांच्या पहाडी आवाजाचे चाहते आणि बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीचे चाहते यांच्यातील वाद त्या काळी गाजत. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा दोन्ही पक्षांच्या रसिकांना आपापले दैवत एकाच रंगमंचावर पाहावयास मिळाले. गोव्यातील देवळांच्या जत्रांमधूनही मराठी संगीत नाटके होत राहिली. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांसारखा गायकनट अशाच वातावरणातून आला, ही गोष्ट त्या प्रेक्षकवर्गाच्या जाणतेपणाचीही साक्ष आहे.

वन्समोअरला एक मर्यादा होती. त्यासाठी नाटकगृहात हजर राहावे लागे. ती मर्यादा ध्वनिमुद्रिकेने दूर केली. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि पुढील काही वर्षांत तबकड्यांचा व्यापार देशभर पसरला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. रागाचा विस्तार त्यात करता येईना. पण ‘गाणे’ ही स्वतंत्र, हाताळता येणारी, मोजता येणारी वस्तू झाली. आवडत्या गाण्यांची यादी करावयाची तर प्रथम गाणे असे सुटे व्हावे लागते. ते काम तबकडीने केले. एखाद्या उपाहारगृहात किंवा दुकानात वाजणारी तबकडी ऐकण्यासाठी रस्त्यावर थबकणारे श्रोते हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होय.

अशा ऐकण्याने आयुष्याला वळण मिळाल्याची उदाहरणे आहेत. धारवाडकडील एका मुलाने अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असेच गाता आले पाहिजे या ध्यासाने १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले. फिरत फिरत तो ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात पोहोचला. तो मुलगा म्हणजे पुढे पंडित भीमसेन जोशी. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व बालवयातच रामकृष्णबुवा वझे यांच्या तबकड्या ऐकून त्यातील गाणे हुबेहूब म्हणून दाखवीत. एखादे गाणे ‘सर्वांत आवडते’ असणे ही केवळ करमणुकीची बाब नव्हे, हे या दोन्ही कथा सांगतात.

१९३० नंतरच्या काळात भावगीताचा उदय झाला. ग. ना. जोशी, गजानन वाटवे यांच्या गायनाने कवितेला घराघरांत नेले. नाट्यपद आवडण्यासाठी नाटक पाहावे लागे, बंदिश आवडण्यासाठी कान तयार असावा लागे. भावगीताला यांपैकी कशाचीच अट नव्हती. मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तर त्याचे मोल विशेष होते. ज्या घरातील मुले शाळेत हिंदी, कन्नड, गुजराती किंवा उर्दू शिकत होती, त्या घरात मराठी शब्द सहजपणे ओठांवर ठेवण्याचे काम पुष्कळदा गाण्याने केले.

तबकडी विकत घेणारा रसिक मात्र अद्याप मुका होता. तो काय निवडतो हे दुकानदाराला कळे. इतर श्रोत्यांना कळण्याची सोय नव्हती. ती नभोवाणीने केली. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नागपूर, १९५० मध्ये धारवाड, १९५३ मध्ये पुणे, १९५५ मध्ये इंदूर, १९६३ मध्ये सांगली अशी केंद्रे निघत गेली. श्रोत्याच्या हाती पोस्टकार्ड आले आणि त्या पोस्टकार्डाची शक्ती काय असते याचा प्रत्यय १९४९ मध्येच आला. ‘महल’ चित्रपटातील एक गाणे त्या वर्षी अतिशय गाजले. परंतु तबकडीवर गायिकेच्या जागी चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’ असे नाव छापलेले होते. ही गायिका कोण, अशी विचारणा करणारी पत्रे नभोवाणीकडे येऊ लागली आणि अखेर नाव जाहीर करावे लागले. ती गायिका म्हणजे इंदूरमध्ये १९२९ साली जन्मलेल्या लता मंगेशकर. पडद्याआडच्या कलावंताचे नाव तबकडीवर यावे, या प्रथेला श्रोत्यांच्या पत्रांचे बळ मिळाले, ही बाब इतिहासाने नोंदविली पाहिजे.

यानंतरचा प्रसंग आवड कोणी ठरवावी याविषयीचा आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. आकाशवाणीवरून लोकांना अभिजात संगीताची गोडी लावावी, हा त्यांचा हेतू. त्याच वर्षी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि घरबसल्या थोर कलावंतांचे गाणे ऐकण्याची संधी खेडोपाडी पोहोचली, याचे श्रेय त्यांच्या धोरणास दिलेच पाहिजे. पण त्याबरोबरच चित्रपटगीतांना कात्री लागली, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणेही बंद झाले. निर्मात्यांशी बेबनाव होऊन ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी काटा फिरवला.

काटा स्थिरावला तो रेडिओ सिलोनवर. महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेले तेथील प्रबळ प्रक्षेपक साऱ्या भारतात ऐकू येत. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी या जेमतेम वीस वर्षांच्या तरुणाने सात गाणी वाजवून श्रोत्यांना त्यांचा क्रम लावण्यास सांगितले. बरोबर उत्तरास शंभर रुपयांचे बक्षीस होते. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला, असे स्वतः सयानी सांगत असत. १९५४ च्या अखेरीपासून गाण्यांचा लोकप्रियतेनुसार क्रम लावण्याची पद्धत आली. केवळ पत्रांवर विसंबले तर कोणीही गठ्ठ्याने पत्रे पाठवून क्रम बदलू शकतो, हे ध्यानी आल्यावर तबकड्यांच्या विक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोतासंघांची पसंती यांची सांगड घालण्यात आली. बुधवारी रात्री आठ वाजता शेजारपाजारचे लोक एका रेडिओभोवती जमत आणि आपले गाणे कितव्या ‘पायदान’वर आले यावर दुसऱ्या दिवशी कचेरीत व महाविद्यालयात खल चाले.

आकाशवाणीनेही हा धडा गिरविला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. तिच्या फर्माइशी कार्यक्रमांतून गाण्याआधी पत्र पाठविणाऱ्यांची नावे आणि गावे वाचली जात. अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरीतलैया हे गाव फर्माइशींच्या वर्षावामुळे देशाला माहीत झाले. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’ने मराठी गीतांसाठी हेच काम केले. एका गाण्याला लागणाऱ्या वेळाच्या बरोबरीने नावांची यादी चाले आणि तीही लोक तितक्याच उत्सुकतेने ऐकत. आपले नाव, आपले गाव आणि आपले आवडते गाणे एका दमात उच्चारले जाण्यात एक प्रतिष्ठा होती.

केसकरांचा आग्रह आणि श्रोत्यांचा कौल यांत खरोखर विरोधच होता काय, या प्रश्नाचे उत्तर पुणे केंद्राने दिले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली. रागदारीवर आधारलेल्या चाली, प्रासादिक शब्द आणि कोणाही श्रोत्याला भिडणारा आशय यांचा तो संगम होता. लोकांकडून मागणी इतकी वाढली की पुण्याची वृत्तपत्रे प्रत्येक नव्या गीताचे शब्द छापू लागली. अभिजातता वरून लादावी लागते, हा समज आणि लोकांना उथळच आवडते, हा समज, असे दोन्ही समज ‘गीतरामायणा’ने एकदमच खोटे ठरविले.

१९८० च्या दशकात कॅसेट घराघरांत पोहोचली आणि आवडीचे स्वरूप पुन्हा पालटले. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यावी आणि कोरी कॅसेट भरून घ्यावी, हा प्रघात सर्वत्र पडला. सार्वजनिक कौल हळूहळू खाजगी संग्रहात रूपांतरित झाला. ‘गीतमाला’ १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ मध्ये थांबली. याच काळात काही श्रोत्यांनी आपल्या छंदाला अभ्यासाची शिस्त लावली. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी १९८० पासून ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे खंड सिद्ध केले, १९९० मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली. गाण्याच्या इतिहासाची विश्वसनीय साधने विद्यापीठांच्या आधी रसिकांनी निर्माण केली, ही गोष्ट अभिमानास्पद आहे आणि विचार करावयास लावणारीही आहे.

कारण उरलेले बरेच काही नाहीसे झाले. लक्षावधी पोस्टकार्डे रद्दीत गेली. श्रोतासंघांची टिपणे, पदांच्या खुणा केलेल्या पुस्तिका, कॅसेट भरून घेण्यासाठी केलेल्या याद्या, गाणी उतरवून घेतलेल्या वह्या घरे बदलताना टाकून दिल्या गेल्या. ‘महल’च्या गायिकेचे नाव विचारणाऱ्या पत्रांतील एखादे तरी हाती लागले असते, तर ते कोणत्याही दरबारी सनदेइतके मोलाचे ठरले असते. आता गाणी दूरध्वनीच्या छोट्या पडद्यावर हवी तेव्हा मिळतात आणि आवड नोंदविण्यासाठी बोट टेकविणे पुरते. मात्र अमुक गाणे का आवडले, ते प्रथम कोठे ऐकले, कोणाबरोबर ऐकले, हे त्या नोंदीत नसते.

शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. एखाद्या कपाटाचा एक कप्पा अशा वह्यांसाठी, पुस्तिकांसाठी आणि वृद्ध सभासदांच्या आठवणींच्या टिपणांसाठी राखून ठेवता येईल. प्रत्येक सभासदाने आपल्या सर्वांत आवडत्या दहा गाण्यांची नावे आणि प्रत्येकापुढे दोन ओळींचे कारण, एवढे जरी लिहून दिले, तरी या शहरातील मराठी समाज कसा ऐकत आला याचा दस्तऐवज तयार होईल. देवघेवीच्या वहीत वाचकाचे नाव राहिले. तसे श्रोत्याचेही नाव कोठेतरी राहिले पाहिजे.